आरोग्य विम्याचा हप्ता : करात सूट कुणाला, कशी आणि किती?



फेब्रुवारी-मार्च आला की गावात दोन प्रकारची माणसे हमखास दिसतात. एक बँकेच्या आणि सोसायटीच्या वसुलीची, दुसरी विमा विकणारी. विमावाल्यांचे वाक्य ठरलेले असते, "साहेब, हप्ता भरा, टॅक्स वाचेल." ग्रामसेवक, तलाठी, शिक्षक, कृषी सहायक, एसटीतले चालक-वाहक, सगळ्यांनाच हे ऐकवले जाते. (यातल्या काही पदांची सरकारी नावे आता बदलली आहेत, पण गावात अजून हीच चालतात म्हणून इथेही तीच ठेवतो.) बरेचजण ते खरे धरून सही करतात. पुढे विवरणपत्र, म्हणजे आपले रिटर्न, भरायची वेळ आली की कळते, सूट काही मिळाली नाही. कुणी हप्ता रोख दिलेला असतो, कुणी नव्या करप्रणालीत असतो, तर कुणाचा पॉलिसीचा कागदच सापडत नाही.

याच्या उलटही घडते. एखादा नोकरदार मुलगा गावाकडच्या म्हाताऱ्या आई-वडिलांच्या दवाखान्यावर वर्षाला तीस-चाळीस हजार रुपये खर्च करतो. कायद्याने त्याला त्याची वजावट मिळू शकते, पण त्याला ते कुणी सांगितलेलेच नसते. अशा दोन्ही प्रकारच्या घरांसाठी ही माहिती आहे.

वजावट म्हणजे काय?

प्राप्तिकर कायदा १९६१ मधील कलम ८०डी खाली आरोग्य विम्याच्या हप्त्याची वजावट मिळते. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू होतो. त्यात कलमाचा क्रमांक वेगळा आहे, पण ही वजावट नव्या कायद्यातही ठेवलेली आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळातल्या उत्पन्नाचे विवरणपत्र मात्र जुन्या कायद्यानुसारच भरायचे आहे. म्हणून या लेखात ८०डी हेच नाव वापरले आहे.

पहिली गोष्ट नीट ध्यानात घ्या. ही वजावट उत्पन्नातून होते, करातून नव्हे. २५,००० रुपये हप्ता भरला म्हणजे २५,००० रुपये कर वाचला, असे नाही. २५,००० रुपये उत्पन्नातून वजा होतात आणि तेवढ्यावरचा कर वाचतो. ४ टक्के उपकर धरून ५ टक्के दरात असणाऱ्याचे १,३०० रुपये, २० टक्के दरात असणाऱ्याचे ५,२०० रुपये आणि ३० टक्के दरात असणाऱ्याचे ७,८०० रुपये वाचतात. ज्याला करच लागत नाही त्याचा एक रुपयाही वाचत नाही. तेव्हा "टॅक्स वाचेल" म्हणणाऱ्याला आधी विचारा, "किती वाचेल, तो आकडा सांगा."

आधी करप्रणाली, मग हप्ता

माती परीक्षण न करता खत टाकू नये, असे आम्ही नेहमी सांगतो. तसेच इथे आहे. आधी आपण कोणत्या करप्रणालीत आहोत ते तपासा. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर ती मागून घ्यावी लागते. ८०डी ची वजावट फक्त जुन्या प्रणालीत आहे, नव्या प्रणालीत ती नाही.

आता हिशेब पाहू. २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर पूर्ण सवलत मिळून कर शून्य होतो. पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट वेगळी मिळते. म्हणजे शेतीचे किंवा दुसरे कोणतेही उत्पन्न नसेल, तर १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगाराला कर नाही. गावपातळीवरचे बरेचसे कर्मचारी या मर्यादेच्या आत बसतात. त्यांनी केवळ करासाठी आरोग्य विमा घेण्यात काहीच अर्थ नाही.

मग पगार जास्त असेल तर? समजा एका मुख्याध्यापकांचा वर्षाचा पगार १५ लाख रुपये आहे. नव्या प्रणालीत ७५,००० वजा जाऊन १४,२५,००० उरतात आणि उपकरासह कर होतो ९७,५०० रुपये. जुन्या प्रणालीत त्यांनी ५०,००० ची प्रमाणित वजावट, २,५०० व्यवसाय कर, भविष्य निर्वाह निधी-एलआयसीचे १,५०,०००, गृहकर्जाच्या व्याजाचे २,००,००० आणि आरोग्य विम्याचे ७५,००० असे सगळे दाखवले, तरी करपात्र उत्पन्न १०,२२,५०० उरते आणि कर १,२४,०२० रुपये होतो. म्हणजे एवढ्या वजावटी दाखवूनही जुनी प्रणाली २६,५२० रुपयांनी महाग पडली.

१५ लाख पगाराला जुनी प्रणाली परवडायची असेल, तर प्रमाणित वजावट सोडून इतर वजावटी मिळून सुमारे ५ लाख ४४ हजारांच्या वर जायला हव्यात. घरभाडे भत्ता, गृहकर्ज आणि राष्ट्रीय पेन्शन योजनेतली जादा गुंतवणूक असे सगळे जुळून आले तरच एवढे होते. ज्यांचे जुळते त्यांनी जुनी प्रणाली जरूर निवडावी आणि ८०डी चा पुरेपूर लाभ घ्यावा. पण आकडेमोड कागदावर करूनच निर्णय घ्यावा. प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर दोन्ही प्रणालींची तुलना करणारे गणकयंत्र फुकट उपलब्ध आहे. तालुक्याला जायची गरज नाही, मुलाच्या मोबाईलवरही ते चालते.

कुणासाठी किती?

जुन्या प्रणालीत असणाऱ्यांसाठी ८०डी चे दोन कप्पे आहेत.

पहिला कप्पा स्वतः, पती किंवा पत्नी आणि आपल्यावर अवलंबून असलेली मुले यांचा. मर्यादा २५,००० रुपये. यात कुणी ६० वर्षे पूर्ण झालेले असेल तर ५०,००० रुपये.

दुसरा कप्पा आई-वडिलांचा. मर्यादा २५,००० रुपये आणि त्यांच्यापैकी कुणी ६० वर्षांचे असेल तर ५०,००० रुपये. आई-वडील आपल्यावर अवलंबून असलेच पाहिजेत, अशी अट नाही. ज्येष्ठांसाठीची ५०,००० ची मर्यादा आर्थिक वर्ष २०१८-१९ पासून आहे, त्याआधी ती ३०,००० होती.

आरोग्य तपासणीचा खर्च दोन्ही कप्पे मिळून ५,००० रुपयांपर्यंत धरता येतो. मात्र तो वरच्या मर्यादेच्या आतच बसवायचा, जादा नाही. तपासणीचे पैसे रोख दिले तरी चालतात. विम्याचा हप्ता मात्र रोख दिला तर वजावट नाही. चेक, ड्राफ्ट, कार्ड, यूपीआय, बँकेतून वळता करणे, यापैकी काहीही चालते. आपल्याकडे एजंट घरी येतो, चहा होतो आणि नोटा मोजून दिल्या जातात. पावती मिळते, विमाही चालू होतो, पण करातली वजावट तिथेच संपते.

तीन वर्षांचा हप्ता एकदम भरला असेल तर तो वर्षांत विभागून दाखवायचा. ६०,००० रुपये तीन वर्षांसाठी भरले तर दर वर्षी २०,००० धरायचे.

आणखी एक. वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर पूर्वी १८ टक्के जीएसटी लागत होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो शून्य झाला आहे. नूतनीकरणाची पावती हातात आली की तेवढी तपासून घ्या.

म्हाताऱ्या आई-वडिलांचा विमाच नसेल तर?

गावाकडे हीच अडचण जास्त. सत्तरी ओलांडलेल्या वडिलांना साखर आणि रक्तदाब, कंपनी विमा देत नाही, दिला तर हप्ता परवडत नाही. त्यासाठी कायद्यात सोय आहे. ६० वर्षांवरील व्यक्तीच्या आरोग्य विम्यासाठी काहीच रक्कम भरलेली नसेल, तर तिच्या औषधोपचाराचा खर्च त्याच ५०,००० च्या मर्यादेत वजावटीला धरता येतो. अट एकच, पैसे रोख दिलेले नसावेत.

म्हणून डॉक्टरांची फी, औषध दुकानाचे बिल, दवाखान्याचे बिल यूपीआयने किंवा चेकने द्या आणि बिलावर रुग्णाचे नाव घालून घ्या. "नाव कशाला, गोळ्या तर त्याच" असे दुकानदार म्हणेल, पण आग्रह धरा. मात्र सरकारी नोकरीत ज्या बिलाची प्रतिपूर्ती घेतली आहे, ते बिल पुन्हा इथे दाखवू नका. जो खर्च आपण सोसलाच नाही त्याची वजावट मागता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. एका विस्तार अधिकाऱ्याचे वय ४२. पत्नी आणि दोन मुलांसह विम्याचा हप्ता १८,००० रुपये, नवरा-बायकोची आरोग्य तपासणी ४,००० रुपये. पहिल्या कप्प्यात २२,००० झाले. आईचे वय ६६, तिच्या पॉलिसीचा हप्ता ३१,०००. वडील ७२ वर्षांचे, त्यांचा विमा नाही, औषधपाण्याचा खर्च २८,०००, सगळा यूपीआयने. दुसऱ्या कप्प्यात बेरीज ५९,००० होते, पण मर्यादा ५०,००० ची. एकूण वजावट ७२,००० रुपये. हे गृहस्थ जुन्या प्रणालीत २० टक्के दरात असतील तर उपकरासह १४,९७६ रुपये वाचतात. बियाण्या-खताचा खर्च बऱ्यापैकी निघावा एवढी ही रक्कम आहे.

पैसे कुणाच्या खात्यातून गेले?

केवळ शेती करणाऱ्या वडिलांनी आपला हप्ता स्वतःच्या खात्यातून भरला, तर करात कुणालाच फायदा नाही. वडिलांचे शेतीचे उत्पन्न करमुक्त असते, त्यामुळे त्यांना वजावटीची गरज नाही. मुलाने पैसे भरलेले नाहीत, म्हणून त्यालाही वजावट नाही. तोच हप्ता नोकरदार मुलाने आपल्या करपात्र उत्पन्नातून, आपल्या खात्यातून भरला, तर वजावट मुलाला मिळते. दोन भाऊ मिळून भरत असतील तर ज्याने जेवढे भरले तेवढेच त्याने दाखवावे. एकच रक्कम दोघांनी पूर्ण दाखवू नये.

नोकरी करणारी विवाहित मुलगी आपल्या आई-वडिलांचा हप्ता भरून वजावट घेऊ शकते, लग्न झाले म्हणून तिचा हक्क जात नाही. सासू-सासऱ्यांच्या हप्त्याची वजावट मात्र सुनेला किंवा जावयाला मिळत नाही. सुनेने भरण्याऐवजी तिच्या नवऱ्याने भरावा, म्हणजे प्रश्न मिटतो. भाऊ-बहिणींच्या हप्त्याचीही वजावट नाही.

८०डी मध्ये काय बसत नाही?

इथे फार गोंधळ होतो, म्हणून सरळ यादी देतो.

१) एलआयसीचा नेहमीचा जीवन विमा. त्याची जागा कलम ८०सी मध्ये आहे.

२) प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा (४३६ रुपये). हाही जीवन विमाच आहे.

३) प्रधानमंत्री सुरक्षा विमा (२० रुपये) आणि इतर अपघात विमा.

४) पीक विमा, जनावरांचा विमा, ट्रॅक्टरचा विमा.

५) महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत. या योजनांत आपण हप्ता भरत नाही, म्हणून वजावटीचा प्रश्न येत नाही. पण या दोन योजना विसरू नका. उपचाराचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे आणि ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड मिळते. विमा विकत घेण्याआधी हे कार्ड काढून घ्या.

६) कार्यालयाने कर्मचाऱ्यासाठी स्वतः भरलेला गट विम्याचा हप्ता. आपल्या पगारातून आरोग्य विम्यासाठी कापून गेलेला भाग तेवढा धरता येतो.

सातबारा नावावर असणाऱ्या नोकरदारांनी

आपल्यापैकी अनेकांचा पगारही आहे आणि सातबाराही. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे हे खरे, पण ते विवरणपत्रात दाखवावे लागते. वर्षाचे निव्वळ शेती उत्पन्न ५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर पगारदारांचा सोपा फॉर्म, आयटीआर-१, चालत नाही. आयटीआर-२ भरावा लागतो. शिवाय इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर कराचा दर ठरवताना शेतीचे उत्पन्न हिशेबात धरले जाते. त्यामुळे वर सांगितलेले '१२ लाख ७५ हजारांपर्यंत शून्य' हे गणित शेतीचे मोठे उत्पन्न असणाऱ्याला जसेच्या तसे लागू होत नाही.

दुसरे म्हणजे दूध आणि कोंबडीपालन हे करासाठी शेती उत्पन्न धरले जात नाही, तो व्यवसाय आहे. रोपवाटिकेतली रोपे मात्र शेती उत्पन्नात येतात. व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्याला जुनी प्रणाली हवी असेल तर मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. दरवर्षी इकडून तिकडे उडी मारण्याची मोकळीकही त्याला नाही.

विवरणपत्रात कुठे आणि कसे लिहायचे?

पगारदाराने जुनी प्रणाली विवरणपत्रातच निवडायची असते, पण विवरणपत्र मुदतीत भरले तरच. पगारदारांसाठी ही मुदत सर्वसाधारणपणे ३१ जुलै असते. सरकार कधी वाढवून देते, त्यावर विसंबू नये. मुदत चुकली की नवी प्रणाली लागू होते आणि ८०डी सकट त्या सगळ्या वजावटी गेल्या.

वजावटीच्या भागात ८०डी चे स्वतंत्र परिशिष्ट आहे. तिथे पहिला प्रश्न असतो, आई-वडील सोडून कुटुंबात कुणी ज्येष्ठ नागरिक आहे का? त्याप्रमाणे २५,००० किंवा ५०,००० ची मर्यादा उघडते. मग विम्याचा हप्ता, आरोग्य तपासणी आणि ज्येष्ठांचा औषधोपचार अशा वेगवेगळ्या ओळी येतात. त्याखाली आई-वडिलांसाठी पुन्हा तसाच भाग येतो. सगळी रक्कम एकाच ओळीत कोंबू नका. आई-वडिलांचा हप्ता पहिल्या कप्प्यात लिहिला तर तिथली मर्यादा संपते आणि दुसरा कप्पा रिकामा राहतो.

कर आकारणी वर्ष २०२५-२६ च्या विवरणपत्रांपासून विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसी क्रमांकही लिहावा लागतो. म्हणून भरायला बसण्याआधी पॉलिसीचा कागद, हप्त्याची पावती आणि बँक पासबुकातली नोंद समोर ठेवा. कार्यालयात वेळेवर पावती दिली नाही म्हणून फॉर्म १६ मध्ये वजावट आली नसेल, तरी घाबरू नका. जुनी प्रणाली निवडून ती विवरणपत्रात मागता येते आणि जादा कापलेला कर परत मिळतो. विवरणपत्रासोबत कागद जोडायचे नसतात, पण खात्याने विचारले तर दाखवावे लागतात. पावत्यांची फाईल सहा-सात वर्षे सांभाळून ठेवा.

"रिफंड काढून देतो" म्हणणाऱ्यांपासून सावध

काही ठिकाणी असे लोक फिरतात, जे कर्मचाऱ्यांची विवरणपत्रे गठ्ठ्याने भरतात आणि विमा नसतानाही ८०डी त आकडे टाकून रिफंड काढतात. त्यातला हिस्सा स्वतः घेतात. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर खात्याने अशा खोट्या वजावटींविरुद्ध देशभर १५० ठिकाणी पडताळणीची मोहीम केली. महाराष्ट्राचे नाव त्यात होते आणि तपासल्या गेलेल्या कलमांत ८०डी सुद्धा होते. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपली विवरणपत्रे दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचे खात्याने त्या वेळी सांगितले.

विवरणपत्र कुणीही भरून दिले तरी जबाबदारी आपली असते. उत्पन्न चुकीचे दाखवल्याचे सिद्ध झाले तर बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड होऊ शकतो, वर कर आणि व्याज वेगळे. १५,००० रुपयांच्या रिफंडासाठी ३०,००० दंड आणि मूळ १५,००० परत, हा सौदा कुणाला परवडेल? एजंटाचा फोन तेव्हा लागत नाही. आपल्या नावावर असे काही झाले असेल तर नोटिशीची वाट पाहू नका. मुदत असेल तर सुधारित विवरणपत्र भरा. ती गेली असेल तर जादा कर भरून अद्ययावत विवरणपत्र भरण्याची सोय आहे आणि २०२५ पासून तिची मुदत ४८ महिन्यांची झाली आहे.

तेव्हा मंडळी, आरोग्य विमा घ्यायचा तो आजारपणासाठी. एका ऑपरेशनपायी जमीन गहाण पडलेली घरे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. करातली सूट ही वरची बाब. ती कुणाला मिळते आणि कुणाला नाही, हे वर आलेच. यंदा हप्ता भरताना चार गोष्टी करा : दोन्ही प्रणालींचा हिशेब मांडा, ज्याला कर लागतो त्याच्या खात्यातून पैसे भरा, रोख देऊ नका आणि विवरणपत्र मुदतीत भरा. आपल्या गावात रिटर्न भरणारे जे कुणी असतील त्यांना हे वाचून दाखवावे, आणि ज्या घरात म्हातारी माणसे आहेत तिथे तर आवर्जून सांगावे, ही विनंती.